झाडाचा जीव कुठे असतो?

मैत्रिणींनो, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आम्हा बायकांना एक प्रश्न दर दोन-चार वर्षांनी पडतोच. पूर ओसरतो, घरातला गाळ काढून होतो, भांडी उन्हात पडतात, आणि मग लक्ष जातं परसाकडे. जास्वंदीची पानं गळून गेलेली, मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरलेल्या, कढीपत्ता काळवंडलेला, शेवग्याला चिखलाचं प्लॅस्टर. मनात येतं, मेलं सगळं, उपटून टाकावं. कुरुंदवाडला २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालच्या पुरानंतर गल्लोगल्ली असे झाडांचे ढीग पडलेले होते. त्यातली कितीतरी झाडं मेलेली नव्हती. पानं गेली म्हणजे झाड गेलं, एवढ्या समजुतीपायी ती गेली.

ज्यांच्या गावाला पूर येत नाही त्यांचाही प्रश्न वेगळा नाही. उन्हाळ्यात महिनाभर माहेरी जाऊन आलं की गॅलरीतल्या कुंड्या वाळलेल्या दिसतात. शेंडा खुडला तर रोप खुरटेल का, अशी शंका येते. सासूबाई म्हणतात तुळशीचा शेंडा तोडू नये, शेजारीण म्हणते तोडल्याशिवाय ती भरायची नाही. आता ऐकायचं कुणाचं? या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एका ठिकाणी आहे. झाड नेमकं कुठून वाढतं हे समजलं, की कुठे कात्री लावायची आणि कुठे हातसुद्धा लावायचा नाही, हे आपोआप कळतं.

झाड सगळीकडून वाढत नाही

आपलं मूल वाढतं तेव्हा हात, पाय, नाक, कान सगळंच वाढतं, आणि ठरावीक वयानंतर उंची थांबते. झाडाचं तसं नाही. झाडाच्या अंगावर मोजक्याच जागा अशा असतात की जिथे नव्या पेशी तयार होतात. बाकीचं अंग तयार होऊन गेलेलं असतं. पण त्या मोजक्या जागा झाड जगेल तोवर काम करत राहतात, म्हणून शंभर वर्षांच्या वडालाही चैत्रात लहान बाळासारखी तांबूस पानं येतात.

याचा पुरावा हवा असेल तर शाळेच्या आवारातलं एखादं जुनं झाड पाहा. कुण्या व्रात्य मुलानं छातीच्या उंचीवर नाव कोरलेलं असतं. झाड पुढे दुप्पट उंच होतं, पण ते नाव काही वर सरकत नाही. अक्षरं रुंद होतात, उंची तीच. कारण उंची वाढते ती शेंड्याला, खोडाच्या मधल्या भागात नव्हे.

नव्या पेशी तयार करणाऱ्या या भागांना आपल्या मुलांच्या नववीच्या पुस्तकात ‘विभाजी ऊती’ म्हटलं आहे. ऊती म्हणजे एकसारख्या पेशींचा समूह, आणि विभाजी म्हणजे सतत विभागणाऱ्या. कार्ल नेगेली नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५८ साली या भागाला ग्रीक भाषेतल्या ‘विभागणे’ या शब्दावरूनच नाव दिलं. नाव ऐकून घाबरायला होतं, पण गोष्ट साधी आहे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. त्यातल्या काही तिथेच राहून विभागत राहतात, बाकीच्या मागे पडतात, पाणी पिऊन लांब होतात आणि मग कुणी पान, कुणी साल, कुणी लाकूड होतं. आपण ज्याला वाढ म्हणतो ती या दोन्ही कामांची बेरीज. म्हणून पाण्याची ओढ पडली की रोप मरत नाही पण खुरटतं. पेशी तयार होतात, फुगायला पाणी मिळत नाही.

शेंड्यावरची ही जागा किती असावी? मिलिमीटरभरसुद्धा नाही! मोहरीच्या दाण्याहून लहान. कोवळ्या पानांच्या घड्यांमध्ये ती जपून ठेवलेली असते. मुळाच्या टोकालाही अशीच एक जागा असते, आणि मातीत घुसताना ती घासू नये म्हणून तिच्यावर टोपी असते. तिसरी जागा खोडाच्या सालीखाली, जिच्यामुळे खोड जाड होतं. आणि चौथी गवतासारख्या वनस्पतींत, पेराजवळ आणि पानाच्या बुडाशी. या चार जागा लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातूनच येतं.

मुलांना सुट्टीत एक प्रयोग करून दाखवा. मोड आलेला वाल किंवा हरभरा घ्या, मोड दोनेक सेंटीमीटर सरळ झालेला. काळ्या शाईत दोरा बुडवून मोडावर टोकापासून दोन-दोन मिलिमीटरवर बारीक रेघा उठवा. ओल्या फडक्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर टोकाजवळच्या रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या असतात, दाण्याकडच्या जिथल्या तिथे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत युलियस झाक्स यांनी असाच प्रयोग केला होता. आपल्याला त्यासाठी उसळीतला एक दाणा पुरतो.

विळीवर दिसणारं शास्त्र

पुस्तकाची गरजच नाही, रोजची भाजी चिरताना हे सगळं समोर येतं.

कोबीचा गड्डा उभा कापा. मधोमध पांढरा दांडा आणि त्याच्या टोकाला अगदी बारीक पानांची गुंडी दिसेल. कोबी म्हणजे एक प्रचंड मोठी कळीच. वाढीचं टोक आत, आणि त्याच्यावर एकावर एक पांघरलेली पानं. पानांच्या बगलेत छोटे डोळेही दिसतात. म्हणून कोबी कापून नेल्यावर बुंधा मातीत राहिला तर बाजूनं लहान लहान गड्डे फुटतात.

फ्लॉवरची गंमत तर आणखी वेगळी. त्याला आपण फूल म्हणतो, पण तो गड्डा म्हणजे फूल व्हायला निघालेल्या पण फूल न होऊ शकलेल्या वाढीच्या टोकांची दाटी. एका टोकातून अनेक टोकं, त्यातल्या प्रत्येकातून पुन्हा अनेक. तुरा तोडून पाहा, तो पूर्ण गड्ड्यासारखाच दिसतो, आणि त्याचा छोटा तुरासुद्धा तसाच. असं का होतं, याचा उलगडा फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांच्या एका गटानं २०२१ साली केला. टोकाला फूल होण्याचा हुकूम मिळतो, पण तो टिकत नाही. फूल अर्धवट राहतं, आणि त्याच्या जागी नवी टोकं फुटत जातात.

बटाट्याचे डोळे म्हणजे खरोखरीचे डोळे, म्हणजे कळ्या. बटाटा हे मूळ नसून जमिनीखालचं खोड आहे. आल्याला, हळदीला तसेच डोळे. म्हणून आलं लावताना प्रत्येक तुकड्यावर निदान एक चांगला डोळा हवा, नाहीतर तुकडा मातीत कुजून जातो. कांद्याचं बूड, जे आपण चकतीसारखं कापून टाकतो, तेच त्याचं खोड. कांदा उभा कापला तर मधला हिरवट कोंब त्या चकतीवरून निघालेला दिसतो. कोंब आलेला कांदा भाजीत नको असेल तर ती चकती बोटभर कांद्यासकट कुंडीत खोचा. आठ-दहा दिवसांत पात मिळते.

गाजराची चकती उजेडात धरा. मधला गाभा आणि बाहेरचा भाग यांच्यामध्ये एक गोल रेघ असते. ती तिसऱ्या प्रकारची जागा. ती आतल्या बाजूला एक प्रकारच्या पेशी टाकते, बाहेरच्या बाजूला दुसऱ्या, आणि गाजर जाड होतं. बिटात अशी वर्तुळं एकाबाहेर एक असतात, म्हणून बीट कापलं की रांगोळी काढल्यासारखं दिसतं.

शेंडा का मिरवतो आणि डोळे का झोपतात

आता तुळशीकडे येऊ. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, पण तो फुटत नाही, झोपून राहतो. का? तर शेंडा त्याला फुटू देत नाही. शेंड्यात ‘ऑक्झिन’ नावाचं संजीवक तयार होतं आणि खोडातून खाली उतरतं. ते येत आहे तोवर खालचे डोळे गप्प. शिवाय पानांत तयार झालेली साखर शेंडाच ओढून घेतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की शेंडा खुडल्यावर खालचे डोळे जागे होतात त्याची सुरुवात या साखरेमुळे होते. वर जाणारा घास अचानक त्यांच्या वाट्याला येतो. घरातल्या थोरल्याचं ताट आधी वाढायचं आणि उरलंसुरलं धाकट्यांना, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. उसाच्या लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी जेठा कोंब मोडतात तो याचसाठी. पहिला, जोमदार कोंब काढला की बाजूचे फुटवे एकसारखे जोर धरतात आणि पक्क्या उसांची संख्या वाढते. ज्याचं नावच ‘जेठा’ त्याला मोडल्याशिवाय धाकट्यांना वाव नाही, हे त्यांनी प्रयोगशाळेवाचून ओळखलं होतं.

तेव्हा तुळशीबद्दल सासूबाईही खऱ्या आणि शेजारीणही. रोप वीतभरही नाही, चार-सहा पानांचं आहे, तेव्हा शेंडा तोडू नये. त्याच्याजवळ अजून शिल्लक काही नसते. पण ते वीतभर झालं की शेंड्याची दोन पानं खुडावीत. खालचे दोन डोळे फुटतात, पुढे त्यांचे चार होतात आणि तुळस घेरदार होते. मंजिऱ्यांचं मात्र जरूर पाहा. मंजिरी म्हणजे वाढीचं टोक फुलात बदललं. फूल झालं की त्या टोकाची वाढ संपली, ते पुन्हा पान देत नाही. सगळ्या फांद्यांना मंजिऱ्या येऊन बी धरलं की तुळस वाळायला लागते. तुमच्याकडे द्वादशीला तुळस खुडायची नसेल तर नका खुडू, पण आठवड्यातून एक दिवस ठरवून कोवळ्या मंजिऱ्या काढा. एखादी बियांसाठी ठेवा.

हाच नियम इतर रोपांना असा लावावा:

शेवंती: रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, नव्या फांद्यांचे शेंडे पुन्हा एकदा खुडा. कळ्या दिसू लागल्यावर मात्र हात आवरा.

कढीपत्ता: एकेक पान ओरबाडू नका. फोडणीला हवा तेव्हा शेंड्याची काडीच कापा. दोन महिन्यांत तिथे दोन फांद्या येतील.

गुलाब, जास्वंद: कात्री नेहमी डोळ्याच्या वर पाव इंचावर, थोडी तिरकी. डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड केलेला निवडा, म्हणजे फांदी बाहेर जाते आणि झाडाच्या पोटात दाटी होत नाही.

शेवगा: रोप कमरेच्या वर, म्हणजे मीटरभर झालं की शेंडा मारा. नाहीतर शेंगा लागतात आकाशात आणि आपण काठी घेऊन खाली!

दुधी, भोपळा: या वेलांना मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. वेल मांडवावर पोचला की मुख्य शेंडा खुडला तर फळं जास्त धरतात.

वांगी: कृष्णाकाठच्या वांग्यांचं कौतुक सगळ्यांना आहे, आणि आमच्याएवढंच ते अळीलाही आहे. कोवळा शेंडा दुपारी मान टाकून बसलेला दिसला तर आत अळी आहे असं समजा. शेंडा दोन बोटं खालून कापा, अळीसकट नष्ट करा, नुसता वाफ्यात टाकू नका. घाबरू नका, खालचे डोळे फुटून झाड पुन्हा फांद्या धरतं.

यांच्या शेंड्याला हात नको

नारळ, सुपारी ही एकशेंडी झाडं. नारळाला बाजूला झोपलेले डोळे नाहीत. सगळी वाढ एका शेंड्यावर, आणि तो गेला की झाड गेलं. म्हणून गेंड्या भुंगा लागला तर चालढकल करू नये. नव्या झावळीला कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी खाचे दिसले की तो आहे असं ओळखा. जाणत्या माणसाकडून तारेच्या आकड्यानं भुंगा काढून घ्यावा आणि वरच्या झावळ्यांच्या बगलांत वाळू व निंबोळी पेंडीची भुकटी मिसळून भरावी. नारळावर चढायला खोडाला खाचा मारतात त्याही मारू देऊ नका. आंब्याची जखम वर्षा-दोन वर्षांत भरून येते, नारळाची कधीच भरत नाही. कारण जखम भरणारा सालीखालचा थर नारळाला नसतोच.

केळीचं उलट. केळीचं जे खोड दिसतं ते खोड नव्हे, पानांच्या देठांची गुंडाळी आहे. वाढीचं टोक जमिनीत गड्ड्यावर असतं. म्हणून केळ मधून आडवी कापली तरी थोड्याच वेळात मधली सुरळी वर सरकलेली दिसते. पुढे तेच टोक खोडातून वर येतं आणि केळफूल होऊन बाहेर पडतं. एकदा ते फूल झालं की त्या केळीचं आयुष्य संपलं, मग पुढची पिढी मुनव्यांची. घड काढल्यावर ती केळ राखण्यात अर्थ नाही, एक-दोन जोमदार मुनवे राखा.

दूर्वा आणि गवती चहा यांची गोष्ट सगळ्यांत सोपी. गवताची वाढ पेराजवळ आणि पानाच्या बुडाशी होते, शेंड्याला नव्हे. गुरांनी वरचं खाल्लं तरी गवताचं काही बिघडत नाही. श्रावण-भाद्रपदात दूर्वा कितीही खुडा, पेरं जमिनीत आहेत तोवर त्या येणारच. गवती चहा मात्र चार बोटं ठेवून कापा, मातीलगत कापला तर बुडखा पाणी धरतो.

सालीखालचा हिरवा धागा

झाडाची साल नखानं किंचित खरवडली तर खाली ओला हिरवट थर लागतो. त्याच्या आत, लाकडाला चिकटून, पेशी तयार करणारा पापुद्र्यासारखा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड करतो, बाहेरच्या बाजूला साल. पानांत झालेलं अन्न या सालीतूनच मुळांकडे उतरतं. कलम जमतं तेही याच थरामुळे. दोन्ही काड्यांचे हे थर एकमेकांना टेकले, हवा न शिरता घट्ट बांधले गेले, तर ते एक होतात. गुलाबाचा डोळा भरताना साल उचलून डोळा आत सरकवतात तो याच थरावर.

आणि म्हणून एक कळकळीचं सांगणं. अंगणातल्या पेरूला किंवा आंब्याला कपडे वाळत घालायची तार बांधली असेल तर आजच सोडा. खोड दर वर्षी जाड होतं, तार होत नाही. ती सालीत रुतत जाते, वरून येणारं अन्न तिथे अडतं, आणि मुळं उपाशी राहतात. चार-पाच वर्षांनी झाड ‘उगीचच’ वाळलं म्हणून आपण दृष्ट काढतो. दोरी बांधायचीच असेल तर खोडाला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून सैल बांधा आणि दर दिवाळीला सोडून पुन्हा बांधा.

नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांनी औदुंबराला नमस्कार करताना त्याचं खोडही पाहावं. उंबर फांदीच्या टोकाला नव्हे, जाड्या खोडावर घोसांनी लगडलेले असतात. जुन्या लाकडावर सालीखाली झोपून राहिलेले डोळे वर्षानुवर्षांनी जागे होतात आणि फळाला येतात. फणसाचंही तसंच. झाडाचं जून खोड म्हणजे निर्जीव खांब नव्हे, हे याहून चांगलं कुठे दिसणार?

पूर ओसरल्यावर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. पाण्यात बुडालेलं झाड पाण्याअभावी मेल्यासारखं मान का टाकतं? कारण मुळांच्या टोकांना पाणी हवं तशी हवाही हवी. पेशी विभागायला शक्ती लागते, शक्तीला श्वास लागतो. माती पाण्यानं तुडुंब भरली की हवा निघून जाते, टोकं गुदमरतात, आणि टोकाच्या मागची पाणी ओढणारी केसासारखी मुळंही जातात. पाण्यात उभं राहून झाड तहानेनं सुकतं. पपई एक-दोन दिवसांतच जाते, तिच्यात जीव शोधण्यात वेळ घालवू नका. उंबर, जांभूळ, नारळ यांना पुष्कळ सोसतं.

पाणी उतरल्यावर हे क्रमानं करा. बुंध्याभोवती साचलेला गाळ पहिल्या आठवड्यात काढा, मूळ जमिनीची पातळी मोकळी करा. माती वाफशावर आली की हलक्या हातानं कुळवा. लगेच खत घालू नका, ते घ्यायला मुळांची टोकं अजून तयार झालेली नसतात. पंधरा-वीस दिवसांनी चांगलं कुजलेलं शेणखत थोडं द्या. पानांवरचा चिखल शक्य असेल तर पाण्यानं धुवा. पुराचं पाणी चढलेली पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना मात्र कितीही धुऊन खाऊ नका, ती उपटूनच टाका.

मग नखाची परीक्षा. सर्वांत वरच्या काडीची साल खरवडा. खाली तपकिरी आणि कोरडं लागलं तर ती काडी गेली. एक वीत खाली या, पुन्हा खरवडा. जिथे हिरवं आणि ओलं लागेल तिथे झाड जिवंत. त्या हिरव्या, जिवंत भागात जो डोळा असेल त्याच्या किंचित वर कापा आणि थांबा. महिना, दीड महिना थांबा. जमिनीलगतही हिरवं लागलं नाही आणि मूळ खरवडल्यावर काळं व घाण वासाचं निघालं, तरच कुदळ हातात घ्या.

उसाची परीक्षा वेगळी, आणि तिच्यावर वर्षाचा पैसा अवलंबून असतो. आपण गावात राहात असलो तरी आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरचा ऊस असतो, आणि शेताचे निर्णय पुरुषांनी घ्यायचे असं म्हणून आपण गप्प बसतो. तेव्हा हे ऐकून ठेवा. ऊस कमरेएवढ्या पाण्यात राहिला पण वरचा पोंगा पाण्याबाहेर होता, तर वाढीचं टोक वाचलेलं असतं. शेतातलं पाणी चरानं काढलं, की ऊस पुन्हा चालू लागतो. आडवा पडलेला ऊससुद्धा पेराजवळची वाढ एका बाजूनं जास्त करून शेंडा वर उचलतो. पण पोंग्यावरून गढूळ पाणी गेलं, त्यात गाळ भरला आणि काही दिवस तसाच राहिला, तर टोक कुजतं. निरनिराळ्या सरीतले पाच-दहा ऊस घेऊन शेंडा उभा चिरून पाहा. पांढरा, टणक निघाला तर जिवंत. तपकिरी, मऊ, आंबूस वासाचा निघाला तर मेलेला.

शेंडा मेला की थोड्याच दिवसांत कांड्यावरचे डोळे फुटतात, त्याला पांगशा म्हणतात. लांबून शेत हिरवंगार दिसतं आणि घरात समाधान वाटतं, पण तो हिरवेपणा फसवा. पांगशा वाढतात त्या उसातली साखर खाऊन. वजन आणि उतारा दोन्ही घटत जातात. असा ऊस शक्य तितक्या लवकर तोडणीला घालणं हेच शहाणपण, आणि त्याचं कांडं बेण्याला वापरायचं नाही. त्यावरचे डोळे आधीच फुटून गेलेले असतात. बेणं घ्यायचं ते निरोगी मळ्यातलं, नऊ ते अकरा महिन्यांचं. डोळे वरच्या बाजूचे, तरुण, आणि न फुटलेले. तोडणी आधी कुठल्या तुकड्याची, हे घरात ठरत असताना ‘पोंगे चिरून पाहिले का?’ एवढं जरी आपण विचारलं तरी पुष्कळ झालं.

कणभर टोकातून हजार रोपं

वाढीच्या या टोकाचा आणखी एक गुण आहे. रोगट झाडातही अगदी शेंड्याच्या कणात विषाणू बहुधा शिरलेले नसतात. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी विषाणू लागलेल्या डेलियाच्या शेंड्याचा कण काचेच्या नळीत वाढवून निरोगी रोप मिळवलं. त्यातूनच आजची ऊती संवर्धनाची रोपं आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मस्कारेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साग, बांबू, ऊस यांवर हे काम केलं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाचं मूळ बेणं या पद्धतीनं तयार होतं, आणि जळगावकडची ऊती संवर्धित केळी तर आपण रोजच्या बाजारात घेतो. एका शेंड्यातल्या मोहरीहून लहान कणातून हजारो रोपं! केळीची अशी रोपं आता रोपवाटिकेत सहज मिळतात. परसात दोन लावायची तर तीच घ्या, मुनव्याबरोबर येणारा रोग टळतो.

पावसाळा तोंडावर आहे. तेव्हा या आठवड्यात तीन कामं करून टाका. झाडांना बांधलेल्या तारा सोडा. नारळाची नवी झावळी नीट न्याहाळा. आणि कात्रीला धार लावून घ्या, बोथट कात्रीनं काडी चेचली की डोळाही चेचतो. पुढच्या आठवड्यात कुंडीतली माती कशी बदलावी ते पाहू. त्यासाठी स्वयंपाकघरातली चहाची चोथा पावडर आणि अंड्यांची टरफलं आतापासून वाळवून ठेवायला हरकत नाही.